पडद्याचा दोर

गोतमारेनं अख्खा प्रवेश गिळला, तेव्हा मी डाव्या विंगेत स्टुलावर बसलो होतो आणि संहिता माझ्या मांडीवर उघडी होती.

अकोल्याचं नाट्यगृह होतं. स्पर्धेत आमच्या वाट्याला दुपारचा प्रयोग आला होता, आणि दुपारचा प्रयोग म्हणजे काय ते ज्यांनी केलाय त्यांनाच ठाऊक. पत्र्याला बारीक भोकं असतात, दारांच्या फटीतून ऊन आत येतं, दिवे घालवले तरी अंधार होत नाही, सगळं नुसतं राखाडी होतं. त्या राखाडीत प्रभाकर गोतमारे म्हातारा वामन होऊन स्टेशनच्या बाकड्यावर बसला होता. समोर बंडू अढाऊ, स्टेशनमास्तरच्या काळ्या कोटात.

"गाडी गेली काय, मास्तर?" गोतमारेनं विचारलं.

"गेली नाही. यायची आहे," बंडू म्हणाला.

इथं गोतमारेनं डोळे मिटायचे होते. मग माझ्या शेजारी उभी असलेली कुंदा तायडे जेवणाचा डबा घेऊन आत जाणार होती. गोतमारेनं डोळे मिटले नाहीत. तो बंडूकडं बघून अगदी शांतपणे म्हणाला, "आता आली तरी मी उठत नसतो, मास्तर. उठाचं वय गेलं मायं."

हे वाक्य नाटकाच्या शेवटाजवळचं होतं.

चूक कशी झाली ते मला तत्क्षणी कळलं. निंभोरकर सरांच्या प्रत्येक नाटकात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं. तीच त्यांची खूण होती. एकच प्रश्न, एकच उत्तर, पण दरवेळी मधे काहीतरी घडून गेलेलं असायचं आणि तेच शब्द वेगळे ऐकू यायचे. 'बिनफलाटाचं गाव' या नाटकात तो प्रश्न होता, 'गाडी गेली काय?' दुसऱ्या अंकात वामन तो दोनदा विचारतो. पहिल्यांदा विचारल्यावर त्याची बायको डबा घेऊन येते. दुसऱ्यांदा विचारल्यावर गाडी येते. गोतमारेनं पहिल्या प्रश्नावरून थेट दुसऱ्या प्रश्नाच्या पुढच्या वाक्यावर उडी मारली होती. मधला बायकोचा प्रवेश, म्हणजे कुंदाचं संपूर्ण काम, हवेत राहिलं.

पुंडलिक निंभोरकर मूर्तिजापूरला महाविद्यालयात मराठी शिकवत. पगार शिकवण्याचा घेत आणि आयुष्य नाटकाला देत, असं त्यांच्या घरचे म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत असं नाही. त्यांनी वीसेक नाटकं लिहिली होती. ती गणेश मंडळांनी केली, एस.टी.च्या कामगारांनी केली, गावोगावच्या मास्तरांनी केली. अमरावतीच्या पलीकडं त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. स्पर्धेत आमच्या केंद्रावर त्यांचं नाटक पाच वेळा दुसरं आलं होतं. अंतिम फेरीला मुंबईला जायचं ते फक्त पहिल्यानं. येत्या मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते, महाविद्यालयाच्या नावावर हे त्यांचं शेवटचं नाटक होतं, आणि त्यांना मुंबईला जायचं होतं. हे ते कधी बोलले नाहीत. फक्त तालमीच्या पहिल्या दिवशी म्हणाले होते, "अंतिम फेरी एकदा पाहायची आहे रे. तीही खुर्चीत बसून नाही."

त्यांची शिकवायची एक पद्धत होती. नाटक लिहून झालं की ते आम्हाला एकदाच वाचून दाखवत. मग संहिता कपाटात. कुणालाही हातात मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी 'सांगणं' असायचं. प्रत्येकानं एक पात्र निवडायचं आणि त्या पात्राच्या बाजूनं सगळी गोष्ट आपल्या घरच्या भाषेत सांगायची. ज्याचं सांगणं खरं वाटेल त्याला ते काम. आणि सांगताना कुणी नाटकात नसलेलं काही बोलून गेला, तर सर कधीकधी तेच नाटकात घालत. बंडूनं स्टेशनमास्तरचं सांगणं असं केलं होतं की मास्तरला दिवसभर एकच काम, घड्याळाला चावी देणं, आणि तेही तो विसरतो. दुसऱ्या आठवड्यात संहितेत घड्याळ आलं.

कुंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. नाटकात काम करायला मुली मिळत नसत, म्हणून बंडूच्या बहिणीनं तिला आणून बसवलं होतं. तिचे वडील छोट्या रेल्वेलाइनीवर गँगमन. पहिल्या मसुद्यात वामनच्या बायकोला एकच वाक्य होतं. तिनं यायचं, डबा ठेवायचा, "जेवून घ्या" म्हणायचं आणि जायचं. कुंदानं सांगणं सुरू केलं आणि मधेच थांबली.

"सर, ही बाई रोज डबा आणते ना?"

"हो."

"मंग तिले माहीत असन."

"काय माहीत असेल?"

"पोरगा काहून येत नाही ते. डबा आणनाऱ्याले घरचं सगळं माहीत असते, सर. बाबा लाइनीवर असतात. घरी काय झालं ते त्यायले नसते माहीत. डबा नेते तवा मले माहीत असते. काय सांगाचं न् काय नाही, ते मी रूळानं चालता चालता ठरवते."

सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्या दिवशी सांगणं तिथंच संपलं. आठवड्यानं एका वाक्याचा प्रवेश झाला होता. नाटकाचा गाभाच तो. त्यात बायको वामनला सांगते की ज्या मुलाची तू रोज वाट बघतोस, तो एकदा येऊन गेला. तुला भेटायचं नाही म्हणाला. मी तुला सांगितलं नाही. हे कळल्यामुळंच पुढं गाडी येते तेव्हा वामन उठत नाही, बघत नाही. तो प्रवेश काढला तर उरतो एक म्हातारा, जो कारण नसताना हटून बसला आहे.

आणि आता तो प्रवेश निघाला होता.

"उठा, जेवून घ्या," मी प्रॉम्प्ट दिला. पुन्हा दिला. गोतमारेला प्रॉम्प्टरचा राग होता. प्रॉम्प्ट घेणं म्हणजे भीक घेणं, असं तो म्हणायचा. बंडूनं मात्र ऐकलं. त्यानं धडपड केली. घड्याळाकडं बघत म्हणाला, "बुढ्या, तुझा डबा नाही आला आज?"

दार उघडून दिलं होतं बिचाऱ्यानं. कुंदानं पाऊल उचललंही. पण पलीकडच्या विंगेत टेपरेकॉर्डरवर बसलेल्यानं 'उठाचं वय गेलं' हे आपल्या खुणेचं वाक्य ऐकलं होतं आणि बटण दाबलं होतं. शिट्टी झाली. इंजिनाचा आवाज सुरू झाला. वाफ सोडलेली गाडी मागं घेता येत नाही.

सर माझ्या मागं येऊन उभे राहिले. विंगेत ते चपला काढून वावरत, त्यामुळं कधी आले ते कळायचं नाही.

"कुठून कुठं गेला?"

"बायकोचा प्रवेश गेला, सर. सगळा."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या पानांकडं बघितलं. मग पडद्याच्या कडेनं प्रेक्षकांत. "परीक्षकांपुढं संहिता आहे?"

"आहे. मधले परीक्षक पानं उलटून राहिले."

नियम आम्हा सगळ्यांना पाठ होते. गाळलेल्या भागाचे गुण कापले जात. पण प्रवेशांचा क्रम बदलला, किंवा मंजूर संहितेत नाही असं काही घातलं, तर नाटक क्रमांकाच्या विचारातूनच बाद. बाकीचं अजून रुळावर होतं. नेपथ्य चांगलं, गोतमारे चांगला, आणि त्या वर्षी समोरची नाटकंही फार मोठी नव्हती. पाय घसरला होता, पण पडलो नव्हतो.

"जाऊ दे पुढं," सर म्हणाले. मग कुंदाकडं वळून, "पोरी, राहू दे. डबा ठेव खाली."

तिनं डबा ठेवला नाही. "सर, मंग लोकायले कसं समजन?"

"नाही समजणार."

"मंग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळी."

"पुढची वेळ कुठी हाय, सर?"

तिनं हे उलट बोलण्यासाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर दोराकडं गेले.

पडद्याचा दोर सर कुणाला देत नसत. कुठलंही गाव असो, कुठलंही नाट्यगृह असो, स्वतःच्या नाटकाचा पडदा ते स्वतः ओढत. कुणी हसलं की म्हणत, "लिहिणाऱ्याला आपलं नाटक कुठं संपतं एवढं तरी कळलं पाहिजे. म्हणून दोर माझ्याकडं." त्यांनी हातरुमालानं तळवा पुसला आणि दोर धरला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

रंगमंचावर गाडी आली. म्हणजे आवाज आला आणि दिव्यांच्या पट्ट्या बाकड्यावरून सरकत गेल्या. गोतमारे मान खाली घालून बसून राहिला. तालमीत हा क्षण आला की आम्ही बोलणं थांबवायचो. आता खाली खुर्च्या करकरत होत्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अबे उठ ना बुढ्या, गाडी आली ना." हशा पिकला. मोठा नव्हता, पण झाला.

सरांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तो हलला नाही.

गाडी गेली. आवाज विरला. बंडूनं दिवा उचलला आणि ठरल्याप्रमाणे निघून गेला. गोतमारे एकटा. संहितेत इथं लिहिलं होतं : पडदा.

सरांनी दोर ओढला. दोन्ही बाजूंनी पडदा पुढं सरकू लागला, आणि त्याच वेळी माझ्या गुडघ्याला साडीचा काठ घासून गेला. कुंदा आत गेली होती.

ती धावली नाही. लाकडी स्लीपरांवरून चालल्यासारखी गेली, एक पाऊल तोकडं, एक लांब. दुपारच्या त्या राखाडीत ती सगळ्यांना दिसत होती, नाही दिसली असं म्हणायची सोय नव्हती.

"कुंदा," मी दबक्या आवाजात म्हणालो.

सरांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. उजव्या हातात दोर होता. पडदा तिथंच थांबला होता, अर्ध्याच्या अलीकडं. त्यांनी तो मिटला असता तर आत कोण आलं होतं हे पुढं कुणी विचारलंही नसतं. परीक्षकांना वाटलं असतं, कुणी बॅकस्टेजची बाई घाईनं आत शिरली.

कुंदानं बाकड्यावर डबा ठेवला.

"उठा. जेवून घ्या."

गोतमारेनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आजही विसरलेलो नाही. आपण काय गिळलं ते त्याला त्या क्षणी कळलं होतं. इतका घाबरलेला माणूस मी रंगमंचावर पुन्हा पाहिला नाही.

"तो आला होता," ती म्हणाली. "करीच्या दिशी. पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिशी. तुमी वावरात होते. उभ्या उभ्या पाणी पेला. म्हने, बाबाले सांगू नोको. म्या म्हनलं, बस, जेव. बसला नाही. ह्याच गाडीनं आला न् ह्याच गाडीनं गेला."

खाली खुर्च्या थांबल्या.

"म्या सांगतलं नाही. तुमी रोज अठी येऊन बसत, म्या रोज डबा आनत होती. मले वाटे, मानूस वाट पाह्यते तोवर जेवते तरी. सांगतलं तर जेवन बी सोडान."

प्रवेश तसा लांब होता. ती सगळा बोलली, एक वाक्य सोडलं नाही. फक्त तालमीत हा प्रवेश होता तेव्हा गाडी अजून यायची असायची. आता गाडी येऊन गेली होती. म्हाताऱ्यानं ती बघितली नव्हती. आणि ही बाई त्याला आता सांगत होती.

तिचं बोलणं संपलं. संहितेत यापुढं गोतमारेचं वाक्य होतं. बुडत्यानं काडी धरावी तसं त्यानं ते धरलं.

"गाडी गेली काय?"

याचं उत्तर मास्तरनं द्यायचं होतं, आणि मास्तर केव्हाच निघून गेला होता. माझ्या शेजारी बंडू दिवा हातात धरून, तोंड उघडं ठेवून उभा होता.

कुंदानं डब्याचं झाकण काढलं, उलटं केलं, त्यावर भाकरी ठेवली.

"गेली," ती म्हणाली.

हा शब्द कुठल्याही पानावर नव्हता.

सरांनी एका हातानं दोर ओढला. तो सरसर खाली आला आणि पडदा मिटला.

खाली कुणीतरी खोकलं. मग टाळ्या आल्या, पण सर तोवर विंगेतून निघून गेले होते.

रंगपटात गोतमारे आरशासमोर बसून मिशी उपटत होता. "लाहोळ्या, तू प्रॉम्प्ट नाही दिला."

"दोनदा दिला," मी म्हणालो.

"मोठ्यानं द्याचा ना."

"याहून मोठ्यानं दिला असता," बंडू कोट उतरवत म्हणाला, "तर अभिनयाचं मेडल त्यालेच भेटलं असतं."

कुणी हसलं नाही. कुंदा कपड्यांच्या पेटीशी उभी होती, डबा दोन्ही हातांत. तिनं रंग पुसला नव्हता. केसांना लावलेली पांढरी पावडर कपाळावर उतरली होती.

सर आले. सगळे उभे राहिले, गोतमारेसुद्धा, अर्ध्या मिशीनिशी.

"सर, मी चुकली," कुंदा म्हणाली.

"बस."

ती पेटीवर बसली. सरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले, तालमीत बसायचे तसे, कोपरं गुडघ्यांवर.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"रोजच्यासारखं. तुझ्या बाजूनं."

तिनं आधी आमच्याकडं बघितलं. मग डब्याकडं. "मी विंगेत उभी होती. तुमी म्हनलं, राहू दे. मी म्हनलं, ठीक हाय, मोठ्यायचं काम हाय. मंग तो मानूस हासला. उठ ना बुढ्या, म्हने. त्याचा दोष नाही, त्याले माहीतच नव्हतं. मले होतं माहीत. सर, तिच्याजवळ सांगाचं होतं ना. ते तसंच घेऊन ती वापस कशी जाईन? भरलेला डबा वापस नेल्यासारखं होते ते. घरी जाऊन कोनाले वाढन?"

बाहेर पुढच्या नाटकाचं नेपथ्य उतरवण्याचा ठोकाठोकीचा आवाज सुरू झाला होता.

"इतकी वर्षं पडदा मी ओढतो," सर म्हणाले. "मला वाटलं, गाडी गेली की नाटक संपलं." त्यांनी मान हलवली. "मला माहीतच नव्हतं हे कुठं संपतं."

मग ते उठले. "मिशी नीट काढ, गोतमारे. कातडी निघेल. चला, चहा घेऊ."

निकाल लागला तेव्हा परीक्षकांनी आमच्या नाटकाचा उल्लेख केला. सादरीकरण लक्षणीय होतं, परंतु मंजूर संहितेतील क्रम बदलल्यामुळं क्रमांकासाठी विचार करता आला नाही, असं ते म्हणाले. नियमाप्रमाणं बरोबर होतं. वृद्ध पित्याच्या अस्सल हतबलतेसाठी अभिनयाचं रौप्यपदक प्रभाकर गोतमारेला. तो व्यासपीठाकडं जाताना बंडू माझ्या कानात म्हणाला, "हतबलता अस्सल होती, याले मी साक्षीदार हाय." मुंबईला नागपूर रस्त्यावरच्या एका कारखान्याचं कामगार मंडळ गेलं.

मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. ही बातमीही मीच दिली. वर विजेत्यांची नावं, खाली गोतमारेचं पदक, शेवटी परीक्षकांची नावं. बातमी म्हणून ती अचूक होती.

मार्चमध्ये सर निवृत्त झाले. त्यांनी नाटक छापलं ते नव्या क्रमानं, कुंदानं केलं त्या क्रमानं. शेवटचा शब्द 'गेली.' तेवढा शब्द त्यांनी घातला, आणि मग पडदा. त्यानंतर ते घरामागच्या कडुलिंबाखाली पोरांना शिकवू लागले. अचलपूर, दारव्हा, कारंजा, कुठून कुठून पोरं यायची, एस.टी.च्या वेळा बघून. सतरंजी, माठ आणि सांगणं, एवढंच सामान. आज टीव्हीवर दिसणारे दोन-तीन चेहरे त्या सतरंजीवरून उठून गेलेले आहेत. सरांना त्यांचं कौतुक होतं, पण विचारलं की म्हणत, "त्याचं सांगणं चांगलं होतं, पाठांतर कच्चं."

'बिनफलाटाचं गाव' मात्र हळूहळू चालत राहिलं. आधी नागपूरला झालं, मग पुण्याच्या एका संस्थेनं केलं. कुणी त्यावर प्रबंध लिहिला. सगळे बोलायचे ते शेवटाविषयी. सगळं घडून गेल्यावर प्रेक्षकाला कारण कळतं, ही रचना किती धाडसाची, वगैरे. मी वर्तमानपत्रात होतो, अशी परीक्षणं माझ्याच टेबलावरून जायची. मी त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचो आणि पुढं पाठवायचो.

सरांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा अमरावतीला सत्कार झाला. मी माझ्या गाडीनं त्यांना घेऊन गेलो. कुंदा तिसऱ्या रांगेत होती, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, चष्मा, मांडीवर पर्स. तिनं नाटकात पुन्हा काम केलं नव्हतं. लग्न झालं, नोकरी लागली, राहून गेलं. मी तिच्याशेजारी बसलो.

एका तरुण प्राध्यापकानं भाषण केलं. शेवटाची ही योजना म्हणजे लेखकाच्या दीर्घ चिंतनाचं फळ आहे, असं तो म्हणाला. सर उठले. माईक त्यांच्यासाठी खाली करावा लागला.

"तो शेवट माझा नाही," ते म्हणाले. "आमच्या कुंदा तायडेचा आहे. ती इथं बसली आहे. मी फक्त लिहून घेतला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं कुणीतरी म्हणालं, "मोठी माणसं अशीच असतात बघा, कुठंच श्रेय घेत नाहीत." कुंदाकडं कुणी वळून बघितलं नाही.

"सर दरवेळी असंच म्हणतात," ती मला म्हणाली. "मले लाज वाटते, भाऊ. मी तर नाटक बुडवलं होतं त्यायचं."

"ते मुंबईला गेले नाहीत म्हणून?"

"मंग काय. मी लय वर्षं हाच विचार केला. दोर ओढून टाकाचा होता त्यायनं."

परतताना तिला तिच्या फाट्यावर सोडलं. ती उतरली, सरांच्या पाया पडली, आणि सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. मग आम्ही दोघंच राहिलो. ऊन तिरपं झालं होतं. एका ठिकाणी रस्ता छोट्या लाइनीला ओलांडून जातो. गाडी बंद होऊन बराच काळ झाला, रुळांत गवत वाढलेलं. मी सवयीनं वेग कमी केला.

"सर, एक विचारू?"

"विचार. पत्रकार विचारल्याशिवाय थोडाच सोडणार."

"आत गेली ती कुंदा. ते तिचंच. पण दोर तुमच्या हातात होता. नियम तुम्हाला माहीत होता. पडदा का नाही ओढला?"

"ओढला की. तू होतास ना तिथं."

"अर्ध्यात थांबलात."

सर काचेबाहेर रुळांकडं बघत होते. गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलं होतं.

"अडकला होता रे दोर," ते म्हणाले. "जुनं नाट्यगृह ते. सगळंच अडकायचं तिथं."

"हो, सर," मी म्हणालो. "जुनंच होतं."

दोर अडकला नव्हता. मी हातभर अंतरावर होतो. तो त्यांच्या मुठीत होता, मुठीवरच्या शिरा वर आल्या होत्या, आणि कुंदा 'गेली' म्हणेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता.